खामगावची गाठ कुठी गेली?

वहिनी, गॅस बारीक करून या जरा कुंपणाशी. ऐकलं का? पलीकडच्या काकू युरोपला चालल्या! सोबत फक्त भाची. तीही काकूंना सांभाळायला नाही. ती जर्मन शिकून राहिली आहे, म्हणून दुभाषी. काकूंना सांभाळणारं माणूस अख्ख्या राजापेठेत अजून जन्मायचं आहे.

आणि पाहणार काय, विचारा ना. आयफेल टॉवर नाही, लंडनचा पाळणा नाही. काकांच्या घराण्याचं मूळ म्हणे! मी म्हटलं, काकू, तुमचं सासर अकोल्याचं, जठारपेठेतलं. राजराजेश्वराला कावड नेणारी माणसं तुम्ही, युरोपात तुमचं मूळ कुठून निघालं? तर म्हणतात, "घर अकोल्याचंच हाये वं. पण त्या घरात चूल कोनाच्या पैशानं पेटली, ते पाहाले जायचं हाये."

काका पणन महासंघात ग्रेडर होते, आठवते ना? 1972 ला सरकारची कापूस एकाधिकार योजना आली तेव्हा नोकरीला लागले. संकलन केंद्रावर बैलगाड्यांची रांग, आणि काका चिमटीत कापूस धरून दोन अंगठ्यांनी ताणून धाग्याची लांबी सांगायचे. हात इतका पक्का की मापाची पट्टी लावायची गरजच नाही. लग्नकार्यात आपल्या साडीचा पदर हातात घेऊन मोकळे व्हायचे, "यात निम्मं टेरिकॉट हाये, फसवलं तुमाले."

तर ही विद्या काकांच्या आजोबांची. ते खामगावला व्होलकार्ट ब्रदर्समध्ये कापूस पारखायचे. ही कंपनी स्विस. विंटरथूर नावाच्या गावातल्या दोन भावांनी 1851 मध्ये एकाच वेळी तिकडे आणि इकडे मुंबईत काढली. पुढे ती रेनहार्ट घराण्याकडे गेली. आता तुमच्या हॉलमधला एसी पाहा, व्होल्टास लिहिलं आहे ना? 1954 मध्ये टाटा आणि व्होलकार्ट मिळून जी कंपनी निघाली, ती ही. व्होलकार्टमधला व्होल आणि टाटा सन्समधला टास! काकू तर म्हणतात, दर उन्हाळ्यात अर्धी अमरावती माझ्या आजेसासऱ्यांच्या मालकाच्या वाऱ्यात झोपते.

नुसती व्होलकार्टच नव्हती. राली ब्रदर्स होते, ते मुळातले ग्रीक, खिऑस बेटावरचे. या सगळ्यांना वऱ्हाडात काहून यावं वाटलं? तर 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंदरात अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या बसल्या. मग आठवला वऱ्हाड, जो 1853 पासून निजामाकडून इंग्रजांच्या हातात आलेलाच होता. 1867 पर्यंत आगगाडी नागपूरला पोचली. 1870 मध्ये तर खामगावसाठी जलंबहून वेगळा फाटा टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. खामगावला! आज आपल्याला खामगावच्या गाडीत बसायला जागा मिळत नाही ते सोडा. आणि लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या मालाचं नाव काय होतं? "ऊमरा". उमरावतीचा म्हणून ऊमरा. गाव मागे राहिलं, पण नाव समुद्र ओलांडून गेलं.

आता खरी भानगड इथं आहे. काकूंचा पुण्याचा मुलगा म्हणतो, आई, कापूसच पाहायचा आहे ना, मग मँचेस्टरला जा, लंडनही होऊन जाईल. साधं आहे, आपल्या पुस्तकात तेच होतं: कच्चा माल मँचेस्टरला गेला आणि कापड होऊन परत आला. पण या एका वाक्यावर काका जन्मभर चिडायचे! नातवाचं इतिहासाचं पुस्तक घेऊन त्यात पेन्सिलीनं दुरुस्त्या करायचे. त्यांचं म्हणणं, मँचेस्टरनं आपला कापूस नड होती तोवर घेतला. 1865 मध्ये अमेरिकेतली लढाई थांबली, तिकडचा लांब धाग्याचा माल पुन्हा सुरू झाला, की आपला आखूड धागा लँकेशायरच्या यंत्रांना नकोसा झाला. भाव असे पडले की कितीक शेतकरी सावकाराच्या दारात गेले. मग ऊमरा कोणी घेतला? 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला, त्यानंतर जर्मनी, बेल्जियम, इटलीकडच्या गिरण्यांनी, आणि पुढे पुढे जपाननं. आजोबांच्या हाताखालून गेलेल्या गाठी बहुतेक तिकडेच गेल्या. मँचेस्टरचं श्रेय काकांना खपायचं नाही, जसं एखाद्याच्या पोरीचं लग्न ठरवून दुसराच कोणी मानपान घेऊन जावा.

मला तर वाटते काका बरोबर होते. आपण शाळेत एकच गाव पाठ केलं आणि बाकीचा हिशेब सोडून दिला.

म्हणून काकूंनी लंडन कापलं. दोनच गावं ठरली. पहिलं विंटरथूर. झुरिकच्या विमानतळावरून आगगाडीनं पाव तास. गाव अमरावतीपेक्षा लहान. कंपनीची जुनी इमारत आता कॉलेजकडे आहे आणि कंपनीचे कागद त्या शहराच्या दफ्तरखान्यात जपून ठेवले आहेत. भाचीनं आधीच बजावलं, आत्या, आजोबांचं नाव सापडेल अशी आशा ठेवू नको; साहेबांची नावं लिहायचे, पारख्यांची कोण लिहिते? काकू म्हणाल्या, "नसन तर नसन. खामगाव तर लिहिलं असन." दुसरं गाव जर्मनीतलं ब्रेमेन. तिथलं कापसाचं एक्स्चेंज 1872 मध्ये निघालं. 1902 ची त्याची इमारत अजून उभी आहे आणि कापसाच्या प्रतीवरून होणारे वाद आजही त्या गावात सोडवतात. 1872 आणि काकांचं 1972, नेमकी शंभर वर्षं! काका असते तर हे सांगत चौकाचौकात फिरले असते.

मी विचारलंच, मग जपानला काहून नाही? तर ठसक्यात, "गिऱ्हाईक जपानचं होतं, पगार विंटरथूरचा होता."

व्हिसाचंही सांगते, कोणाला तरी कामी येईल. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, म्हणून दोन्ही गावं एकाच व्हिसात होतात. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. रात्री सारख्या असल्या तर पहिलं पाऊल जिथं पडते तिथं. फी 90 युरो. किमान 30,000 युरोंचा विमा लागतो, आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. लंडन धरलं असतं तर त्याचा व्हिसा वेगळा, खर्च वेगळा. मुलाचं बारा दिवसांत सात देशांचं पॅकेज तर काकूंनी वाचून परत दिलं: "यात उतरायचं कुठी लिहिलं नाई, नुसतं चढायचंच हाये." शिवाय आता आपल्या अमरावतीच्या बेलोऱ्याहून 2025 च्या एप्रिलपासून मुंबईचं विमान सुटते, म्हणून काकूंना तोरा चढला आहे. नणंदेला फोन करून सांगतात, तुमच्या अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी बसली नुसती गवत चारत!

ही अकोल्याची नणंद म्हणजे वेगळं प्रकरण. ती म्हणे, "नवरा गेल्यावर बाईनं काशी-रामेश्वर करावं, जर्मनी कायले?" काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुह्या आजोबायनं काशी नाई केली, खामगाव केलं. त्यायच्या जिवावर तुही शाळा झाली, माह्या नवऱ्याची नोकरी झाली." फोन ठेवला तिनं. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, तिकडे थंडी किती असते आणि बाजरीच्या भाकरी टिकतात का! आता तीही पासपोर्टचं विचारून राहिली, असं ऐकते. सांगितलं म्हणू नका.

नेणार काय, तेही ठरलं. तिळाचे लाडू, ज्वारीच्या पापड्या, सुकी चटणी. आणि एक पिशवी वावरातला कापूस, सरकीसकट. मी म्हटलं, सरकी म्हणजे बियाणं झालं, कस्टमवाले अडवतील. रोपा-बियांचे नियम कडक असतात. मग सरकी काढून नुसती स्वच्छ रुई न्यायचं ठरलं. तीही विचारूनच. ब्रेमेनला कोणी धाग्याची लांबी सांगितली तर काकांच्या अंगठ्याशी ताडून पाहणार म्हणतात. मला तर वाटते, चुकेल ब्रेमेनच.

तर वहिनी, तुमच्या माहेरी अकोल्याला, किंवा शेगाव-खामगावकडे कोणाकडे जुन्या जिनाची पावती असेल, गाठींवर मारायचा शिक्का असेल, व्होलकार्ट किंवा रालीचं नाव असलेला एखादा कागद असेल, तर दिवाळीच्या सफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. आधी फोटो काढून काकूंना पाठवा. त्यांचा अर्ज दिवाळीनंतर लगेच जाणार आहे.