आधी सभा, मग भिंती

सहनिवासाची, म्हणजे स्वतंत्र घरं आणि सामाईक स्वयंपाकघर अशा वसाहतीची, आवड असलेल्यांचा मेळावा कुठेही भरवा, पहिल्या तासात झाडं लावून होतात. दुसऱ्या तासात छतावर सौर पॅनेल बसतात, गांडूळखताचा खड्डा खणला जातो, विहिरीला पाणी लागतं आणि एक सामाईक वाचनालयही उभं राहतं. त्यासाठी प्रत्येक जण आपल्याकडची नकोशी पुस्तकं द्यायला एका पायावर तयार असतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत गाव वसून जातं. मग मागच्या रांगेतलं कुणीतरी विचारतं, की सामाईक स्वयंपाकघरातली भांडी कोण घासणार? सूत्रसंचालक हसून म्हणतात, हा तपशिलाचा भाग आहे, नंतर बघू. माझ्या मते मेळाव्याचा विषयच तो आहे; झाडं, पॅनेल आणि गांडुळं हा तपशील. चार भिंती कुठलाही गवंडी उभ्या करून देतो. त्यांच्यात एकत्र राहणारी माणसं मात्र सभांमधूनच घडतात, आणि त्याही रटाळ सभांमधून. ज्याला अशा सभेत तीन तास बसवत नाही, त्याने सरळ फ्लॅट घ्यावा आणि दाराला जाळी बसवावी.

आधी सभा आणि मग भिंती, हा शोध डॅनिश लोकांचा, आणि त्यांनी तो भरपूर वेळ खर्चून लावला. यान गुडमन-हॉयर हा वास्तुविशारद 1964 च्या हिवाळ्यात काही मित्रांना घेऊन बसला आणि शेजाऱ्यांनी मिळून कसं राहावं याची चर्चा सुरू झाली. कोपनहेगनजवळ जागाही मिळाली, पण आजूबाजूच्या रहिवाशांनी विरोध केला आणि बेत बारगळला. शेजारधर्माची पहिली योजना शेजाऱ्यांनीच हाणून पाडली, हे त्या मंडळींनी किती विनोदाने घेतलं असेल कोण जाणे. 1967 मध्ये बोडिल ग्रो या लेखिकेने मुलांना शंभर आईबाप असावेत असा लेख लिहिला आणि चर्चेत नवी कुटुंबं आली. पहिली वसाहत, सत्तावीस घरांची सेटेडामेन, राहती झाली ती 1972 साली. म्हणजे आठ वर्षं. तेवढ्या काळात आपल्याकडचा बिल्डर तीन टॉवर बांधून, विकून, कन्व्हेयन्स न देता दुसऱ्या गावी गेलेला असतो. लंडनच्या उत्तरेला हाय बार्नेटमध्ये पन्नाशीपुढच्या बायकांनी याहून मोठी मजल मारली. त्यांचा गट 1998 मध्ये जमला आणि पंचवीस घरांत राहायला गेला 2016 मध्ये. जागा आणि परवानग्या मिळवण्यात पुष्कळ काळ गेला, हे खरं. पण अठरा वर्षांच्या सभांनंतर कोण मुद्द्यावर बोलतं, कोण नुसतंच बोलतं आणि कोण शेवटी खुर्च्या उचलून ठेवतं, हे सगळ्यांना पाठ झालेलं असणार. पत्रिका जुळवण्याची याहून खात्रीची पद्धत मला माहीत नाही.

सभेशिवाय वसाहत करून पाहिल्याचा पुरावाही आहे. 1935 साली स्टॉकहोममध्ये अल्वा मिर्डाल आणि वास्तुविशारद स्वेन मार्केलियस यांच्या कल्पनेतून एक सामूहिक इमारत उभी राहिली. तळमजल्यावर उपाहारगृह, मुलांसाठी पाळणाघर, आणि ताटं वरच्या घरांत पोहोचवायला छोट्या लिफ्ट. (मिर्डालबाईंना पुढे 1982 मध्ये शांततेचं नोबेलही मिळालं, पण ते निःशस्त्रीकरणासाठी; स्वयंपाकघरासाठी नव्हे.) बायकांची चुलीपासून सुटका करण्याची ती अत्यंत प्रामाणिक योजना होती. मात्र रांधायला माणसं पगारी, वाढायला लिफ्ट, उष्टी ताटंही खाली. तेव्हा वरच्या मजल्यावरच्याने खालच्याशी बोलावं तरी कशासाठी? उपाहारगृह पुढे बंद पडलं आणि इमारत राहिली इमारतीसारखी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधल्याच काही बायकांच्या गटाने हिशेब उलटा मांडला: रहिवाशांनीच आळीपाळीने रांधावं. आकडेमोड सोपी आहे. साठ मोठी माणसं आणि तिघांची एक तुकडी धरली, तर पाळी वीस दिवसांतून एकदा येते. उरलेले एकोणीस दिवस नुसती नावं ठेवायची. एवढा किफायतशीर सौदा एकत्र कुटुंबातही कुणाला मिळाला नव्हता, निदान सुनेला तरी नाही. पर्यावरणाचं गणितही इथेच सुटतं. वीस बिऱ्हाडांच्या इमारतीत वीस ड्रिल मशीन असतात आणि प्रत्येकीने लग्नाचा फोटो टांगून झाला की ती माळ्यावर जाते. वसाहतीत एक मशीन पुरते. फक्त ती कुणाकडे आहे आणि तिचं टोक कुणी मोडलं, यासाठी सभा लागते.

यावर आपल्याकडचा ठरलेला आक्षेप असा, की हे सगळं आमच्या चाळीत होतंच, डेन्मार्कला जायची गरज काय? चाळीबद्दल मलाही आदर आहे. लोक येताजाता सहज दिसले की ओळखी आपोआप होतात, हे तिच्या गॅलरीने फार आधी सिद्ध केलं. मोटारी कडेला ठेवून घरांची तोंडं पायवाटेकडे करणारे डॅनिश वास्तुविशारद दुसरं काही करत नव्हते. पण त्यांच्या वसाहतीत प्रत्येक घराला स्वतःचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असतं, शिवाय सामाईक भोजनगृह. चाळीत स्वयंपाक ज्याचा त्याचा आणि संडास सगळ्यांचा. तिथे काय सामाईक ठेवायचं ते राहणारे ठरवतात, इथे ते बांधणाऱ्याच्या काटकसरीने ठरवलं. 1920 च्या दशकातल्या बीडीडी चाळींची खोली एकशे साठ चौरस फुटांची. पुनर्विकासात तिथल्या रहिवाशांना पाचशे चौरस फुटांची घरं देण्याचं ठरलं, तेव्हा कुणी हट्टाने सामाईक संडास मागितल्याचं ऐकिवात नाही. चाळीच्या आठवणींनी येणारा गहिवर बहुधा स्वतंत्र न्हाणीघरातून आंघोळ करून बाहेर पडल्यावरच येतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. सभाच जर माणसांना जोडत असेल, तर महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्या म्हणजे नंदनवन व्हायला हव्या होत्या. 1960 चा सहकारी संस्थांचा कायदा आहे, 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायचं बंधन आहे, इतिवृत्त आहे, ताळेबंद आहे, सामोसेही आहेत. पण आदर्श उपविधींतला गणपूर्तीचा नियम पाहा. दोन तृतीयांश सभासद किंवा वीस जण, यांपैकी जो आकडा कमी तेवढी माणसं हवीत. अर्ध्या तासात ती आली नाहीत तर सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरजच नाही! कायदा करणाऱ्यांनी आपला माणूस बरोबर ओळखला होता. आपली सभा घर घेतल्यानंतर, शेजारी नशिबाने लाभल्यावर आणि गळती सुरू झाल्यावर भरते. आणि तिथे प्रश्न मतांनी निकालात निघतात, म्हणजे हरलेला वर्षभर लिफ्टमध्ये भेटत राहतो. सहनिवासवाले शक्यतो एकमताने चालतात. अमेरिकेतल्या काही वसाहतींत त्यासाठी रंगीत कार्डं असतात. ज्याने लाल कार्ड दाखवून ठराव अडवला, त्यानेच मग इतरांबरोबर बसून पर्याय शोधायचा, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. आपल्या सोसायटीत लाल कार्डं वाटली तर काही सभासद ती लॅमिनेट करून घेतील. पर्याय शोधायची अट वाचून दाखवली, की बऱ्याच जणांना मात्र आपलं कार्ड घरी राहिल्याचं आठवेल.

तिसऱ्या आक्षेपापुढे माझी विनोदबुद्धीही जरा सावध होते. शेजारी निवडून घ्यायचे, हे ऐकायला छान. पण आपल्याकडे शेजारी निवडण्याचा इतिहास जुना आहे आणि तो भांड्यांवरून निवडण्याचा नव्हे. मुंबईच्या गावदेवीत 1915 साली उभी राहिलेली गृहनिर्माण संस्था सारस्वतांची होती. अहमदाबादच्या एका पारशी संस्थेचा, सभासद फक्त पारशीच असावेत हा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये वैध ठरवला. कागदावर कुठेही न लिहिता आडनाव विचारून, डब्याचा वास घेऊन होणाऱ्या निवडीबद्दल तर बोलायलाच नको. मग सहनिवास हा त्याचाच सौरऊर्जेवर चालणारा अवतार कशावरून नाही? माझं अर्धं उत्तर असं, की जन्माने लावलेली चाळणी कुणाला ओलांडता येत नाही. भांडी घासायची तयारी दाखवणं मात्र कुणालाही जमतं. उरलेलं अर्धं उत्तर लंगडं आहे, कारण आठ वर्षं सभांना येण्याइतकी सवड आणि शेवटी घर घेण्याइतका पैसा असलेली माणसं साधारण एकाच साच्यातली निघतात. डॅनिश लोकांनाही हे टोचलं असावं. कोपनहेगनच्या दक्षिणेला 1978 मध्ये झालेली टिंगगोर्डेन ही वसाहत त्यांनी भाड्याच्या घरांची, सार्वजनिक निधीतून बांधली. आपल्याकडे असं काही करायचं तर म्हाडाला स्वप्नं पडायला हवीत, आणि तीही लॉटरीत लागायला हवीत. तोवर मेळावे भरवणाऱ्यांच्या हातात विषयपत्रिका तेवढी आहे. तिच्यात सामाईक चुलीवर मासे चालतील का, चातुर्मासात कांदा-लसणाचं काय, आणि पाळी आलेल्या बाईने पंगतीला वाढायचं की नाही, हे विषय स्पष्ट शब्दांत लिहावेत. पहिल्या सभेत ते काढले तर माणसं चप्पल शोधू लागतात. गृहप्रवेशानंतर काढले तर वकील येतात. तिसरी सभा बरी: तोवर ओळख झालेली असते आणि मुद्रांक शुल्क भरलेलं नसतं.