देशी आहे, काही होत नाही म्हणे!

नागपूरच्या हिंगणा रोडनं जा. डिगडोहला लता मंगेशकर हॉस्पिटल, पुढे वानाडोंगरीला शालिनीताई मेघे हॉस्पिटल. दोन्ही मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं. एमआयडीसीत रात्रपाळ्या करून झोप उडालेला माणूस मात्र दोन्ही दारांवरून पुढे जातो आणि चूर्णाची पुडी घेऊन घरी येतो.

का? मानसोपचाराच्या ओपीडीत ओळखीचं कुणी भेटलं तर!

त्या पुडीवर घटक लिहिलेले नसतात, मात्रा नसते, परवाना क्रमांक नसतो. असतं ते विकणाऱ्याचं तोंडी प्रमाणपत्र : ‘देशी आहे, साइड इफेक्ट नाही.’

धोतराही देशीच आहे.

वनस्पतीत दम नाही, असं कुणीच म्हणू नये. सर्पगंधाच घ्या. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाबावरचा तिचा गुण छापून मांडला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये दिला आणि जगाचं लक्ष तिकडे वळलं. १९५२ मध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. दोनच वर्षांत ते अमेरिकेतल्या मनोरुग्णांना दिलं जात होतं. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

पण त्याच रेसर्पिनवर असलेले काही रुग्ण नैराश्यात गेल्याच्या नोंदीही झाल्या. झाल्या, कारण कुणीतरी मात्रा मोजत होतं, रुग्णाला पुन्हा बोलावत होतं. पुडीवाला पुढच्या महिन्यात कुठे असतो?

अश्वगंधेचं तेच. काही आठवड्यांच्या लहान चाचण्यांत ताण आणि झोपेवर तिचा उपयोग दिसला आहे. मात्र २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अश्वगंधा घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले ५ रुग्ण नोंदवले. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बाईनं किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यानं ती मनानं सुरू करूच नये.

आणि चूर्णात फक्त वनस्पतीच असेल कशावरून? २००४ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ती तर लेबल लावलेली औषधं होती!

खरा घात मात्र वेगळाच आहे. मानसोपचाराच्या गोळ्यांनी पोरगं जरा सावरलं की घरचे म्हणतात, ‘गोळ्या गरम पडतात, बंद कर.’ चूर्ण सुरू होतं. काही आठवड्यांनी भास परततात, झोप जाते, आणि खापर फुटतं गोळ्यांवर.

वेडेपणा, अपस्मार बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. सत्तर वर्षं उलटली. भिंती अजून रंगतात. राज्याच्या एफडीएला त्या दिसत नाहीत का?

आयुर्वेदावर विश्वास आहे ना? मग पदवी असलेल्या वैद्याकडे जा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्याच्यापुढे ठेवा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाल तेव्हा चूर्णाचा डबाही पिशवीत टाका, लपवू नका. चालू गोळी स्वतःच्या मनानं तोडू नका. आणि ओपीडीच्या रांगेत उभं राहायचं धाडस आज होत नसेल, तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फिरवा. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.