अप्पर न उतरवणाऱ्या चालकास खुले पत्र

पत्राच्या आरंभी ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे. तुम्हाला तो लिहवत नाही. मालवण-आचरा रस्त्यावर, चौक्याच्या वळणावर, नेरूरपारच्या पुलावर तुम्ही रात्री भेटता, पण तुमचा चेहरा कधी दिसत नाही; दिसतो तो पांढराशुभ्र लोळ. म्हणून नाव घालत नाही. नंबरप्लेट इथलीच एमएच ०७ असो, मुंबईची असो की गोव्याची, समोरून माणूस येताना दिसूनही ज्याने हेडलाइटचा अप्पर उतरवला नाही, त्याला हे पत्र आहे.

हा रस्ता तुमच्या सातबाऱ्यावर चढला आहे काय? पहाटे मासळीच्या पाट्या घेऊन लिलावाला निघालेल्या बायका याच रस्त्याच्या कडेने चालतात. कार्तिकात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की दशावतार बघून माणसं रात्री-अपरात्री याच रस्त्याने परततात. आंगणेवाडीच्या जत्रेला तर रस्ताभर माणूसच माणूस असतो. तुम्हाला रस्ता स्वच्छ दिसावा म्हणून समोरच्या चालकाला यांच्यातलं कोणीच दिसू नये, हा सौदा तुम्ही कुणाला विचारून केलात?

तुमचा झोत डोळ्याचं काय करतो ते ऐका. दृष्टिपटलाच्या मधोमध पीतबिंदू असतो आणि त्याच्या मध्याला जेमतेम दीड मिलिमीटरचा खळगा. हात लांब करून अंगठा धरला तर त्याचं नख जेवढी जागा व्यापतं, साधारण तेवढ्यातच नजर सर्वांत तीक्ष्ण असते. पुढे सायकल आहे की गाय, माणूस उभा आहे की रस्ता ओलांडतोय, हे आपण ओळखतो ते एवढ्याशा जागेवर. तुमचा उजेड डोळ्यात शिरला की आतल्या आत विखुरतो आणि सगळ्या चित्रावर धुकट पडदा पसरतो. त्या पडद्यात गडद कपड्यातला माणूस पुसला जातो. हॉलडे आणि स्टाइल्स या संशोधकांनी १९२० च्या दशकातच याचं गणित मांडलं. दिवा नजरेच्या रेषेला जितका जवळ तितका पडदा दाट. तेवढ्याच उजेडात कोन निम्मा झाला तर पडदा चौपट.

आमच्या किनाऱ्याचं दुखणं नेमकं इथे आहे. चौपदरी महामार्गावर मध्ये दुभाजक असतो, समोरचा दिवा थोडा बाजूला राहतो. आमच्या अरुंद रस्त्यांवर एका बाजूला चिऱ्याचा गडगा, दुसरीकडे माड नाहीतर व्हाळ, आणि तुम्ही जवळजवळ नजरेच्या रेषेतच येता. अशा वेळी डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघा, असा सल्ला देतात. ती पट्टी आमच्याकडे पावसाळ्यात पुसून जाते, आणि मुळात नव्हतीच अशी गावं कितीतरी. ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला सतरा मीटर जाते. डोळा तीन सेकंद भांबावला तरी पन्नास मीटर रस्ता आंधळेपणाने कापला जातो.

तरुणांचं एक वेळ निभावतं. पण पोरं मुंबईला आणि गावात म्हातारी माणसं, ही आमच्याकडची घरोघरची स्थिती आहे. मोतीबिंदूकडे झुकलेलं भिंग खाऱ्या वाऱ्याने मळलेल्या काचेसारखं असतं, त्यावर उजेड जास्त फाकतो. ज्यांचा पीतबिंदूच वयाने झिजला आहे त्यांना तर झळाळीतून सावरायलाही जास्त वेळ लागतो.

पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा भाग बराच असतो, आणि तो डोळ्याला जास्त खुपतो. पीतबिंदूतलं पिवळं रंगद्रव्य तो काही अंशी शोषून घेतं. हे रंगद्रव्य दाट असलेले लोक झळाळी अधिक सोसू शकतात, हे अमेरिकेत स्ट्रिंगहॅम आणि हॅमंड यांनी प्रयोगांतून दाखवलं आहे. शरीर ते स्वतः तयार करत नाही. हिरव्या पालेभाज्यांतून, अंड्याच्या बलकातून मिळतं. पालेभाजी आम्ही खाऊच. तुमच्या बेपर्वाईवर तो उपाय नव्हे.

कायदाही नवा नाही. समोरच्याला दिपवणार नाही असा दिवा खाली झुकलेला असावा किंवा चालकाला झुकवता यावा, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ सांगतो. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात बाजारातला एलईडी बल्ब कोंबला की झोताची रचनाच बिघडते, डिप्परवरही तो समोरच्याच्या डोळ्यात जातो. तुम्ही हौसेने पैसे मोजून तो बसवून घेतलात. दुकानदाराने तो बसवून दिला, तोही या गुन्ह्यात तुमचा भागीदार आहे.

समोर दिवा दिसताच अप्पर उतरवा. पायी चालणारा दिसला तरी उतरवा, त्याच्याकडे तुम्हाला इशारा द्यायला दिवा नसतो. बाहेरून बसवलेला बल्ब याच आठवड्यात काढून टाका. आणि ओरोसच्या परिवहन कार्यालयाला विनंती आहे: जत्रांचा हंगाम सुरू होण्याआधी रात्रीच्या तपासणीत हेल्मेट आणि कागदपत्रांबरोबर दिव्याचा झोतही तपासा.