पावती कुठल्या टेबलावर अडली?

सासरे : म्हणजे बटण दाबलं, पण पावती आली नाही.

जावई : तेच बघतोय ना बाबा.

सासरे : पावतीकडे कुठे बघताय? मघापासून त्या लाल ठिपक्याकडे बघताय.

जावई : तो ब्रेकपॉइंट आहे. प्रोग्रॅम त्या ओळीवर आला की थांबतो. मग आत काय चाललंय ते एडिटरमध्ये दिसतं.

सासरे : मग थांबला?

जावई : नाही.

सासरे : म्हणजे आलाच नाही. आमच्या तहसिलीत निम्मे लोक साहेबांच्या दाराशी ताटकळायचे आणि अर्ज अजून खाली खिडकीवरच पडलेला असायचा.

जावई : इथे तसं नसतं. हा प्रोग्रॅम ज्यावर बांधलाय त्या इलेक्ट्रॉनमध्ये एक मेन प्रोसेस असते. फायली उघडणं, प्रिंटरला हुकूम देणं, खिडक्या उघडणं-मिटणं, सगळं तिच्याकडे. आणि प्रत्येक खिडकीमागे एक रेंडरर प्रोसेस. ती फक्त समोर दिसतं तेवढं सांभाळते. छापायचं असेल तर तिने मेनला निरोप धाडायचा.

सासरे : साहेब आत, कारकून खिडकीवर आणि मध्ये आवक-जावक.

जावई : तसं नाही हो.

सासरे : मध्ये शिपाई आहे?

जावई : ...प्रीलोड आहे.

सासरे : तो काय करतो?

जावई : खिडकीने आत कोणती कामं सांगायची त्याची यादी त्याच्याकडे असते. यादीबाहेरचं काही पुढे जात नाही.

सासरे : शिपाईच.

जावई : बाबा, या रचनेला कारण आहे. २००८ मध्ये क्रोम ब्राउझर आला, त्याने ही पद्धत रूढ केली. एक पान कोसळलं तरी बाकीची चालू राहावीत म्हणून वेगवेगळ्या प्रोसेस.

सासरे : एका खिडकीवरचा कारकून चक्कर येऊन पडला तरी शेजारची खिडकी चालू. उत्तम. आणि साहेबांनाच चक्कर आली तर?

जावई : मग सगळंच बंद.

सासरे : बघा.

जावई : सापडलं! मी दुसरा ठिपका खिडकीच्या फाइलमध्ये ठेवलाय, तो राखाडी आहे, पोकळ. म्हणजे डीबगर तिथे जोडलेलाच नाही. मी फक्त मेनला जोडला होता.

सासरे : तपासनीस साहेबांच्या खोलीत चहा घेत बसले, खिडकीवर कोणी गेलंच नाही.

जावई : आता डीबगरच्या लाँच डॉट जेसन फाइलमध्ये दोन नोंदी करायच्या. पहिली मेन सुरू करेल, सुरू करताना ९२२२ हा पोर्ट उघडायला सांगेल. दुसरी त्या पोर्टवरून खिडकीला जोडून घेईल, तिला सांगायचं की समोर क्रोम आहे. मग दोन्ही मिळून एक संयुक्त नोंद, म्हणजे एकाच वेळी दोघं सुरू.

सासरे : पावती छापायचा प्रोग्रॅम किती ओळींचा आहे?

जावई : का?

सासरे : तपासणीचं परिपत्रक त्याहून मोठं होत चाललंय म्हणून विचारलं.

जावई : तुम्हीच म्हणालात ना, सोसायटीच्या चोवीस फ्लॅटच्या मेंटेनन्सच्या पावत्या संगणकावर करा म्हणून?

सासरे : म्हणालो. पण चोवीस पावत्यांसाठी जिल्हाधिकारी कार्यालय उभारा असं नाही म्हणालो. या एका बटणामागे काय काय भरलंय?

जावई : अख्खा क्रोमियम, म्हणजे क्रोमचा गाभा. आणि जावास्क्रिप्ट चालवणारा नोड. पण त्यामुळे एकदाच लिहायचं आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. नाहीतर तीनदा लिहा.

सासरे : आपल्या सोसायटीच्या ऑफिसात किती संगणक आहेत?

जावई : एक.

सासरे : (काही बोलत नाहीत. चष्मा पुसतात.)

जावई : जगभर वापरतात बाबा. हा एडिटर, व्हीएस कोड, तोसुद्धा इलेक्ट्रॉनवरच बांधलाय.

सासरे : म्हणजे या कचेरीची तपासणी करायला आलेला माणूस हा दुसऱ्या तशाच कचेरीचा कारकून?

जावई : मुळात इलेक्ट्रॉन निघालं तेच एका एडिटरसाठी. २०१३ मध्ये गिटहबने अ‍ॅटम नावाच्या एडिटरसाठी केलं. तेव्हा नावही अ‍ॅटम शेल. २०१५ मध्ये इलेक्ट्रॉन झालं.

सासरे : आणि तो अ‍ॅटम?

जावई : २०२२ च्या डिसेंबरात बंद केला.

सासरे : ज्या साहेबांसाठी कचेरी बांधली ते गेले, कचेरी चालू! जावईबापू, मी आयुष्यभर सरकारी नोकरी केली. मला यात नवीन काय ते दाखवा.

जावई : थांबा, आता मेन वेगळ्याच एका ठिपक्यावर थांबलंय. अं? बटण का दाबलं जात नाही? खिडकी हलतसुद्धा नाही.

सासरे : साहेब थांबले ना?

जावई : हो, खिडकीवरच्या टिचक्यासुद्धा मेनमधूनच येतात. ते ब्रेकपॉइंटवर अडलं की सगळं गोठतं.

सासरे : ‘साहेब जेवायला गेलेत’ अशी पाटी तरी लावा. लोक बिचारे दाबत बसतात.

जावई : आणि गंमत म्हणजे, आधी खिडकी उघडताना सभासदांची यादी कधी यायची, कधी नाही. आता मध्ये मध्ये थांबवून बघतोय तर दर वेळी येते.

सासरे : लेखापरीक्षण लागलं की हजेरीपट भरलेला असतोच. कोणाचा निरोप आधी, कोणाचा नंतर, हा घोळ असणार. तुम्ही थांबवता म्हणून मागचा पुढच्याला गाठतो.

जावई : (चमकून) बरोबर आहे ते.

सासरे : बरोबर असायला काय झालं?

जावई : पण बटणाचं काही कळत नाही. एक करतो. कॉन्टेक्स्ट आयसोलेशन बंद करतो, नोड थेट खिडकीत चालू करतो. दोन ओळी. मग निरोप नको, प्रीलोड नको. खिडकीच सगळं करेल.

सासरे : म्हणजे खिडकीवरच्या माणसाला तिजोरीची किल्ली द्यायची?

जावई : तात्पुरती.

सासरे : तात्पुरती दिलेली किल्ली परत आलेली मी तरी पाहिली नाही. ती दोन कुलुपं कोणी लावली होती?

जावई : आपोआपच लागतात. आयसोलेशन तर बाराव्या आवृत्तीपासून, २०२१ सालापासून. पण बाबा, चोवीस पावत्या! कोण दरोडा घालणार?

सासरे : कोणी नावाच्या रकान्यात नाव सोडून भलतंच काही सरकवलं तर?

जावई : स्क्रिप्ट सरकवली आणि आपल्या पानाने ती चालवली, तर... संगणकावरच्या फायली पुसता येतील.

सासरे : मग नको.

जावई : मघाशी तुम्हीच म्हणत होतात, एवढी मोठी कचेरी कशाला!

सासरे : कचेरी बांधू नका म्हणालो. बांधलीत, आता दार उघडं टाकू नका म्हणतोय. यात कुठे उलटसुलट आहे?

जावई : तुम्हाला सोपं आहे बोलायला. खुर्चीत बसून शेरे मारायचे. इथे रविवार जातोय माझा.

सासरे : माझा कुठे जात नाही? आणि रविवार नियम मोडून परत मिळत नाही. कागद अडलाय कुठे ते आधी बघा. तुम्ही साहेबांकडे पाहिलंत, निरोप आला नाही. मग खिडकीने तो धाडला का, हे कोणी विचारलं? खिडकीची तक्रारवही कुठे असते?

जावई : तिच्या कन्सोलमध्ये. मी टर्मिनल बघत होतो. तिथे फक्त मेनचं उमटतं.

सासरे : उघडा मग.

जावई : (उघडतो. बराच वेळ गप्प.)

सासरे : काय लिहिलंय?

जावई : ‘वस्तूची नक्कल करता आली नाही.’ निरोपात जे पाठवायचं त्याची प्रत काढून पलीकडे देतात. मी पावतीच्या माहितीबरोबर बेरीज करणारं फंक्शनही चिकटवलं होतं. फंक्शनची प्रत निघत नाही. निरोप तिथेच पडला.

सासरे : अर्जासोबत कारकूनच पाकिटात घातलात. झेरॉक्स कशी निघणार? आकडा पाठवायचा.

जावई : काढलं. चालवतो. आली! बाबा, पावती आली!

सासरे : दोन आल्यात.

जावई : काय?

सासरे : दोन पावत्या. एकाच फ्लॅटच्या. एकच नंबर.

जावई : अरे हो. बटणाला ऐकणारा दोनदा जोडला गेलाय. खिडकीतलीच चूक आहे, दोन मिनिटांत काढतो.

सासरे : हात लावू नका.

जावई : बग आहे तो!

सासरे : कार्यालयीन प्रत आहे ती. एक सभासदाला, एक फाइलला.

जावई : बाबा, ती चुकून येतेय.

सासरे : येतेय ना? चुकून का होईना, नियमाप्रमाणे येतेय. आता तिसरी लेखापरीक्षकाला हवी.

जावई : तिसरी वेगळी लिहावी लागेल.

सासरे : का? ऐकणारा आणखी एकदा जोडा.

जावई : असं करत नाहीत!

सासरे : कोण करत नाहीत?