मालाच्या सदरातली घोडी

महसूल खात्यातून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावर सेवानिवृत्त झालेल्या गृहस्थाकडे नातेवाईक मंडळी ज्या आदराने पाहतात, तो आदर त्याच्या विद्वत्तेसाठी नसून बारीक अक्षरातला मजकूर न कंटाळता वाचण्याच्या त्याच्या जुन्या खोडीसाठी असतो, हे साताऱ्यात घर बांधून राहिल्यावर मला फार लवकर कळून चुकले. कोणाचे खरेदीखत, कोणाचा वारसदाखला, कोणाचा सात-बारा असे करता करता लग्नसराईच्या तोंडावर आमच्या सांगलीच्या मेहुण्यांची घोडी माझ्या दप्तरी दाखल झाली. साक्षात घोडी नव्हे. ती ज्या पिकअपमध्ये उभी राहून जतपासून वाईपर्यंतच्या नवरदेवांच्या सेवेस रुजू होते, त्या पिकअपचे विम्याचे कागद. गाडी वाटेत बंद पडल्यास कोणी धावून यावे, यासाठी कोणत्या कंपनीची कोणती योजना घ्यावी, याचा निवाडा मी करावयाचा होता. "दाजी, मला घोडीची नस कळते, कागदाची नाही. तुम्हीच काय ते बघा," असे म्हणून मेहुण्यांनी पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि ते बहिणीच्या हातचा चहा घेण्यास आत गेले.

त्यांची ही तळमळ अनुभवातून उपजलेली होती. मागल्या वैशाखात कऱ्हाडच्या एका वरातीस निघाले असता पेठ नाक्याजवळ गाडीचा पाटा तुटला. ड्रायव्हर फिटर शोधण्यास गेला आणि मोतद्दाराने घोडीस उतरवून, झूल-तुरा खांद्यावर टाकून, महामार्गाच्या कडेने चालत कऱ्हाड गाठले. तोपर्यंत नवरदेव मित्राच्या मोटारसायकलवरून मांडवात पोहोचला होता, अक्षता पडल्या होत्या आणि दुसरी पंगत उठत होती. वरातीमागून आलेले घोडे पुष्कळांनी बोलण्यात वापरले असेल. आमच्या मेहुण्यांना त्याचे भाडे परत करावे लागले.

आता कागदाकडे वळू. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 'माल' या संज्ञेची जी व्याख्या आहे तीत पशुधनाचा समावेश असून जिवंत माणसे तेवढी वगळलेली आहेत. म्हणजे चांदीचे पैंजण घालून बँडच्या तालावर नाचणारी, उखाण्यापेक्षाही वराच्या मातोश्रींना अधिक प्रिय असणारी ही मानिनी कायद्याच्या दृष्टीने सिमेंटच्या पोत्याच्या पंक्तीस बसते. पंक्तीस बसते खरी, परंतु तिचा मानमरातब मात्र पोत्यास नाही. 1978 च्या पशुवाहतूक नियमांनी घोड्यांकरिता एक स्वतंत्र प्रकरणच खर्ची घातले आहे: दोन घोड्यांच्या मध्ये किमान 8 सेंटिमीटर व्यासाचा बांबू असावा, तळाशी पाय घसरू नये अशी व्यवस्था असावी, सोबत एक माणूस असावा, गाडीचा वेग ताशी 35 किलोमीटरच्या वर जाऊ नये, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या वाहनांना पाहून जनावर बुजू नये म्हणून त्याचे तोंड डावीकडे असावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या 2015 च्या दुरुस्तीने यात भर घालून एका घोड्यास सव्वादोन चौरस मीटर जागा ठरवून दिली. तहसील कचेरीत माझ्या टेबलाला एवढी जागा उभ्या नोकरीत मिळाली नाही. त्याच दुरुस्तीमुळे जनावरांच्या गाडीतून दुसरा माल नेण्याची सोय उरली नाही, तेव्हा लग्नसराई संपल्यावर सांगलीच्या बाजारात हळद वाहून चार पैसे मिळवावेत हा मेहुण्यांचा बेतही जिरला.

सातारा ते सांगली हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेरचे. ताशी 35 च्या गतीने ते काटण्यास साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि या अवधीत मागून येणारे सर्व ट्रक, उसाच्या ट्रॉल्या आणि एसटीच्या गाड्या कर्णे वाजवून आपले मत नोंदवून जातात. आमची घोडी स्वभावाने चौकस. डावीकडे तोंड करून उसाचे फड पाहण्यात तिला बिलकूल स्वारस्य नाही. तिला उजवीकडची रहदारी पाहावयाची असते. कायद्याने बांधलेला मुखवटा आणि उपजत जिज्ञासा यांच्या ओढाताणीत ती हौद्यात जे पाय आपटते, त्यानेच पाटा तुटला असावा असा फिटरचा अभिप्राय पडला.

विमापत्र वाचू लागलो तो असे आढळले की, तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. पण पाटा तुटून गाडी रस्त्यात उभी राहिली, यात तिसरा पक्षच नाही. स्वतःच्या नुकसानीचा जो भाग आहे, त्यातून यांत्रिक वा विद्युत बिघाड आणि झीज ही स्पष्ट शब्दांत वगळलेली असतात. गाडी ओढून नेण्याचा खर्च जुन्या दरपत्रकानुसार मालवाहू वाहनास 2500 रुपयांपर्यंत मिळे, परंतु तोही अपघात झाला असेल तर. म्हणजे गाडी नुसती बंद पडू नये; तिने कोठेतरी आदळून बंद पडण्याचे सौजन्य दाखवावे. ही उणीव भरून काढण्यासाठी रोडसाइड असिस्टन्स नामक जोडयोजना निघाल्या आहेत. चाक बदलणे, बॅटरी चेतवणे, डिझेल आणून देणे, आणि काहीच न चालल्यास टोचन लावून किंवा क्रेनवर घालून जवळच्या गॅरेजात पोहोचवणे, असा त्यांचा एकूण मजकूर.

मी तीन योजनांची पत्रके समोर मांडून त्यांतली कलमे ताडून पाहिली. एकीत गाडीतल्या प्रवाशांना पुढे जाण्यास टॅक्सी आणि एका रात्रीपुरते हॉटेल होते; परंतु घोडी प्रवासी नव्हे, माल. दुसरीत मालाची जबाबदारी वाहनमालकावर होती, आणि गाडी ओढण्यापूर्वी तो उतरवून घ्यावा अशी अट होती. म्हणजे क्रेन गाडी घेऊन जाणार आणि घोडी मैलाच्या दगडापाशी उभी. तिसरीच्या अर्जात मालाचा प्रकार विचारला होता: नाशवंत, भंगुर की स्फोटक? मेहुण्यांनी प्रामाणिकपणे तिन्ही चौकटींत खुणा केल्या. मदतकेंद्राच्या मुलीने फोनवर सगळे सौजन्याने ऐकून घेतले व शेवटी विचारले, "काका, मालाचं वजन किती?" घोडीचे खरे वजन सांगताना मेहुणे किंचित लाजले, याचे कारण मला अद्याप उमगलेले नाही.

इंग्लंडात घोड्यांच्या गाड्यांकरिता स्वतंत्र योजना असतात आणि गाडी बंद पडल्यास घोड्यांसाठी दुसरे वाहन व रात्रीपुरता तबेला त्यांत मिळतो, असे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग त्यांचं राज्य गेलं कसं?" या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, परंतु मुद्दा इतिहासात शिरल्यामुळे मला चेव आला. ज्या साताऱ्यात 1708 साली शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला, तेथे घोड्याची जोखीम कोणी वाहावयाची हा प्रश्न दौलतीने आपल्या परीने सोडविला होता: बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे, तर शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. पुढे इंग्रजांनी हीच शिलेदारी आपल्या रिसाल्यांत चालविली, तेव्हा स्वार मंडळी दरमहा एका फंडात 'चंदा' भरीत आणि कोणाचा घोडा मेला तर त्यातून नवा घेतला जाई. मेहुण्यांना ही व्यवस्था फार पसंत पडली. "दाजी, ह्यात क्लार्क कोण होता?" एवढेच त्यांनी विचारले.

याच रस्त्याने दरवर्षी माउलींच्या पालखी सोहळ्याचे अश्व जातात. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे हे मानाचे घोडे मिरज, सांगली, सातारा या मार्गाने आळंदीपर्यंत पायी चालतात, आणि हैबतबाबा आरफळकरांनी सोहळा सुरू केला त्या काळापासूनची ही परंपरा आहे. पाटा नाही, क्लच नाही, डिझेल नाही. मुक्कामाच्या गावी चंदी आणि वैरण वाट पाहत असते. ही गोष्ट ऐकून मेहुणे बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी खिशातून वही काढून सांगली ते सातारा या मार्गावरील नातेवाइकांची यादी करावयास घेतली. आष्ट्यास मावससासू, इस्लामपुरास साडू, कऱ्हाडास चुलतबहीण, उंब्रजेस जुने कुळ. प्रत्येकाकडे गोठा, दावे आणि पाण्याची टाकी. दोन पिकअपवाल्यांचे क्रमांक त्याखाली. या योजनेचा हप्ता म्हणजे त्या सर्वांच्या वास्तुशांती, बारशी आणि साखरपुड्यांना आहेरासह हजेरी, आणि हिशेब केला तर तो कोणत्याही कंपनीपेक्षा महाग पडतो, हे मी अव्वल कारकुनाच्या नात्याने नमूद करून ठेवले.

अखेरीस आम्ही पहिली योजना घेतली, कारण टोचन लावणारा कोणीतरी लागतोच, आणि यादी गाडीच्या काचेवर आतून चिकटवली. ज्या वाचकांना घोडी, म्हैस वा शर्यतीचे बैल घेऊन महामार्गावर यावे लागते, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, हप्ता किती, मोफत किलोमीटर किती, हे सगळे मागाहून विचारावे. सही करण्यापूर्वी समोरच्याला आधी हे विचारावे, की गाडी तुम्ही नेलीत, आता जनावर कोठे उभे करू? उत्तर लेखी घ्यावे.