फ्लोरिडाचे एनपीए

आपल्याकडे एनपीए म्हटलं की बँक मॅनेजरला घाम फुटतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात एनपीए म्हणजे ‘नो पार्टी अफिलिएशन’. मतदार यादीत नाव आहे, नावापुढे पक्ष नाही. असे तिथं तीस लाखांहून जास्त आहेत. पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुका सरकारी खर्चानं होतात, म्हणजे यांच्याही करातून. पण ऑगस्टमध्ये मतदानाला गेलं की यांच्या हाती बहुतेक न्यायाधीश आणि शाळा मंडळापुरतीच मतपत्रिका पडते.

फ्लोरिडाच्या राज्यघटनेत १९९८ साली एक खिडकी ठेवली होती. सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतील आणि जिंकणाऱ्याला पुढे विरोधकच नसेल, तर प्राथमिक फेरीत सर्वांना मत. मग आला डमी उमेदवार. याचं नाव मतपत्रिकेवर छापलेलं नसतं, फक्त रिकामी ओळ असते. ज्याला हवं त्यानं ते हातानं लिहावं. अर्जाला शुल्कही नाही. असा एक अर्ज पडला की कागदोपत्री विरोधक मिळाला आणि खिडकी बंद!

२०२० मध्ये राज्यातल्या पदांसाठी प्राथमिक फेरीची दारं सर्वांना उघडावीत म्हणून सार्वमत झालं. बाजूनं ५७ टक्के. लागत होते ६०. हा साठचा नियम २००६ मध्ये किती टक्क्यांनी मंजूर झाला होता? ५७.८. स्वतः सत्तावन्न मार्कांवर पास झालेल्या मास्तरांनी पासाची रेघ साठावर नेली.

कोर्टात जावं, तर तिथला हिशोब जुना आहे. १९७६ मध्ये कनेक्टिकटच्या खटल्यात ठरलं, की पक्षाबाहेरच्याला पक्षाच्या प्राथमिक फेरीत मत मागण्याचा हक्क देशाची घटना देत नाही. १९८६ मध्ये तिथल्याच रिपब्लिकन पक्षाला बाहेरच्यांना आत घ्यायचं होतं, राज्याचा कायदा आडवा आला. सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी पक्षाची बाजू घेतली. म्हणजे कडी काढायचा हक्क आहे, पण तो आतल्याचा. म्हणूनच २०२५ मध्ये मेरीलँड आणि पेनसिल्व्हेनियातले मतदार आपापल्या राज्यघटना घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढले.

आमचा उमेदवार परक्यांनी का निवडावा, हा पक्षांचा सवाल बिनतोड आहे. घरचं कार्य, आमंत्रणं घरच्यांनीच ठरवावीत. फक्त मग हॉलचं भाडं गावाकडून घेऊ नये.

आपल्याकडे हप्ते थकले की खातं एनपीए होतं. फ्लोरिडात वेळेवर भरूनही होतं.