मौज तुमची, हवा सगळ्यांची

सहलीसाठी विमानात बसा, असा हुकूम कोणी कोणावर काढत नाही. पैसे आपले, रजा आपली, हौसही आपलीच. त्यामुळे करोनाच्या काळात “आठ-दहा तास तोंड बांधून कोण फिरायला जाणार?” असं म्हणत जे घरीच बसले, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांना मास्कची अट जाचक वाटली आणि त्यांनी बेत रद्द केला. सरळ हिशेब. राग आहे तो दुसऱ्या मंडळींचा. यांनी अट वाचून तिकीट काढलं, दारात मास्क नीट लावला, आणि विमान वर गेलं की तो हनुवटीवर आणला. वर हटकलं की वाद.

हे माझं एकट्याचं गाऱ्हाणं नाही. मार्च २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सी. हरी शंकर कोलकात्याहून दिल्लीला विमानाने येत होते. कोणाचा मास्क नाकाखाली, कोणाचा गळ्यात, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि ८ मार्चला न्यायालयाने आपणहून दखल घेतली. पाच दिवसांत, १३ मार्चला, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं परिपत्रक निघालं. मास्क नीट न लावणाऱ्याला उड्डाणाआधी खाली उतरवा. हवेत गेल्यावरही सांगून ऐकत नसेल तर त्याला उपद्रवी प्रवासी धरा. शिकल्यासवरल्या माणसांनी नाक झाकावं म्हणून उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं.

पुढचाच महिना आठवा. १८ एप्रिल २०२१. महाराष्ट्रात एका दिवसात ६८ हजारांवर नवे रुग्ण. रेमडेसिविरसाठी चिठ्ठी घेऊन माणसं दुकानोदुकानी फिरत होती, खाट मिळावी म्हणून रात्रभर फोन चालू होते. त्याच दिवसांत मुंबईहून मालदीवला सहली जात होत्या आणि निळ्या पाण्याचे फोटो फोनवर येऊन पडत होते. आम्ही आपणहून थांबलो नाही, तेव्हा मालदीवनेच थांबवलं. २७ एप्रिलपासून भारतीय पर्यटकांना स्थानिक वस्तीच्या बेटांवर मनाई झाली आणि १३ मेपासून व्हिसाच बंद. त्यानंतर २३ मे रोजी मदुराईच्या एका जोडप्याने भाड्याच्या विमानात आकाशात लग्न लावलं. वऱ्हाडी दाटीवाटीने उभे, बहुतेकांच्या तोंडावर काही नाही. चौकशी लागली, विमानातल्या कर्मचाऱ्यांना कामावरून बाजूला केलं गेलं. हौस वऱ्हाडाची होती, पहिली शिक्षा झाली नोकरी करणाऱ्यांना.

इथेच माझा मुद्दा आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या पहिल्याच रुग्णांपाशी सुरू होतो. पुण्यातलं एक जोडपं दुबईच्या सहलीहून १ मार्च २०२० रोजी परतलं. ९ मार्चला दोघांचा अहवाल पॉझिटिव्ह आला. त्यांचा यात काही दोष नव्हता. तेव्हा मास्कचा नियम नव्हता, आणि आपण काय घेऊन आलो आहोत हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. पण दुसऱ्या दिवशी ज्यांचे अहवाल पॉझिटिव्ह आले, त्यात त्यांना मुंबईहून पुण्याला सोडणारा टॅक्सीचालकही होता. तो दुबईला गेला नव्हता. त्याने बुर्ज खलिफा पाहिला नव्हता. त्याने फक्त एक भाडं मारलं होतं. पुढे मास्कची अट आली ती या चालकासारख्यांसाठी. मास्क म्हणजे आपल्या स्वातंत्र्यावर घाला, असं सांगणाऱ्यांच्या बोलण्यात हा चालक कधीच नसतो.

“विमानातली हवा गाळलेली असते हो,” असंही ऐकवतात. असते, खरं आहे. विमानातली हेपा गाळणी अगदी बारीक कणही ९९.९७ टक्के अडवते आणि केबिनमधली हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते. पण हवा गाळणीपर्यंत पोचायच्या आधी शेजाऱ्याच्या नाकापर्यंत पोचते. मार्च २०२० मध्ये लंडनहून हनोईला गेलेल्या विमानात खोकणारी एक प्रवासी होती. दहा तासांच्या त्या प्रवासात १५ जणांना लागण झाली असावी असं तपासात निघालं, आणि त्यातले १२ तिच्याच वर्गात, म्हणजे ऐसपैस आसनांच्या बिझनेस क्लासमध्ये, बसले होते. तेव्हा मास्क सक्तीचा नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर दुबईहून क्वालालंपूरमार्गे ऑकलंडला गेलेल्या अठरा तासांच्या विमानातले सात प्रवासी विलगीकरणात पॉझिटिव्ह निघाले. निदान चौघांना लागण विमानातच झाली होती. क्वालालंपूरला इंधन भरताना हवा खेळवणारी यंत्रणा अर्धा तास बंद होती. दोन तासांच्या प्रवासात निभावून जातं, दहा-अठरा तासांत नाही. लांबचा प्रवास म्हणून मास्क नको म्हणणाऱ्यांचं तर्कशास्त्र उलटं आहे. लांबच्याच प्रवासात तो जास्त हवा.

त्रास होतो, हे मी नाकारत नाही. विमानात हवा इतकी कोरडी की दमटपणा वीस टक्क्यांच्याही खाली जातो. घसा सुकतो, कानामागे इलॅस्टिक रुततं, चष्म्यावर वाफ धरते. दम्याच्या माणसाला, लहान लेकराला हे खरंच जड जातं, त्यांना सवलत हवीच. पण धडधाकट माणसाने मौजेसाठी पत्करलेल्या आठ तासांचं रडगाणं आमच्या देवगाव रंगारी गावात येऊन सांगू नये.

दिवाळीच्या आगेमागे आमच्या कन्नड तालुक्यातल्या कोणत्याही शिवारात मक्याचं मळणी यंत्र लागलेलं असतं. तिथे पाच मिनिटं उभं राहून बघा. एका बाजूने कणसं आत जातात, दुसऱ्या बाजूने भुसकट असं उडतं की पलीकडचा माणूस दिसत नाही. बायांनी लुगड्यावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट चढवलेला, डोक्यावरून ओढलेला रुमाल नाकावरून घेऊन मागे गाठ मारलेली. फक्त डोळे उघडे, आणि त्यांच्या पापण्यांवरही पिवळी धूळ. पाणी प्यायचं तर यंत्रापासून लांब, बांधापर्यंत जायचं, गाठ सोडायची, प्यायचं आणि पुन्हा बांधून यायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हेच. कोणी त्याला सक्ती म्हणत नाही. धूळ छातीत जाऊ नये म्हणून बांधायचं असतं, बस.

आणि करोनाच्या त्या दिवसांत विमानात काय चाललं होतं? एप्रिल २०२१ पासून दोन तासांहून कमी प्रवासात खाणं देणं बंद झालं, कारण खाताना मास्क उतरतो. लांबच्या प्रवासात मात्र जेवण होतं, आणि बिस्किटाचा एक पुडा तासभर पुरवून खाणारी माणसं होती, तेवढाच वेळ नाक मोकळं ठेवायला मिळावं म्हणून. समोर अंगभर पीपीई, तोंडाला मास्क, त्यावर प्लास्टिकची ढाल चढवून उभी असलेली मुलगी वीसदा “सर, मास्क वर घ्या” म्हणत होती. तिला पगारासाठी रोज त्याच हवेत उभं राहायचं होतं. सर आठवडाभराने घरी येणार होते. या मुलींपैकी कोणी किती शिव्या खाल्ल्या, याची नोंद माझ्या तरी पाहण्यात नाही. ठेवायला हवी होती.

महाराष्ट्राने एप्रिल २०२२ मध्ये, गुढीपाडव्याला, मास्क ऐच्छिक केला. विमानातली सक्ती १६ नोव्हेंबर २०२२ रोजी उठली. ती उठली हे योग्यच झालं. साथ ओसरल्यावर नियम कायम ठेवण्यात अर्थ नव्हता. पण ऐच्छिक झालं म्हणजे आता ठरवायचं आपण. आणि आपण सगळ्यांनी एकसाथ ठरवलं की खोकला असो, ताप असो, तोंड उघडंच. आज कोणत्याही विमानात चार रांगांमागून खोकल्याचा ठसका ऐकू येतो, आणि खोकणाऱ्याच्या खिशात रुमालसुद्धा नसतो. एवढ्या मोठ्या साथीतून आपण गेलो, माणसं गेली, आणि सर्दी झाली तर नाक झाकावं एवढंही अंगी बाणलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीची तिकिटं काढली असतील. जरूर जा, लेकरांना जग दाखवा. फक्त बॅग भरताना दोन-चार मास्क टाका. निघायच्या दिवशी ताप असेल तर तारीख पुढे ढकला, पैसे कापले गेले तरी ढकला. नुसती सर्दी-खोकला असेल तर दारात मास्क लावा आणि उतरून टॅक्सीतून घरी पोचेपर्यंत नाकावर ठेवा. आता कोणी हटकणार नाही, दंडही होणार नाही. तरीही लावा.